काठाला कोणता दोरा

‘काठाला लाल घालू का पांढरा?’ तानूअक्कानं विचारलं.

अनसाबाई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. ‘पांढराच घाल की,’ त्या म्हणाल्या.

सुईत ओवायचा दोरा अक्कानं ओठात धरला होता, तो तिथंच राहिला. साडीची घडी उलगडता उलगडता मीही थांबले. आमच्या पुढ्यात बोचकं सुटलेलं होतं आणि त्यातल्या सगळ्या साड्या अनसाबाईंच्या सुनेच्या, शालनच्या होत्या. शालन माहेरी गेलीय, असं त्यांनीच आम्हाला घटकाभरापूर्वी सांगितलं होतं.

‘पांढरा?’ अक्कानं पुन्हा विचारलं.

‘कानात बोळं घातल्यात व्हय गं? पांढरा म्हटलं न्हवं.’

इथं थोडं सांगायला हवं. तानूबाई माझी थोरली जाऊ. आम्ही दोघी मळ्यामळ्यांनी फिरून गोधड्या शिवायचो. ज्याच्या घरची गोधडी त्याच्याच सोप्यात अंथरायची, तिथंच जेवायचं, तिथंच निजायचं आणि चारी काठ मिटल्याशिवाय उठायचं नाही, अशी आमची रीत. दुसरी रीत दोऱ्याची. ज्या बाईची लुगडी गोधडीला लागतात ती जिवंत असेल, तर काठाला लाल दोरा फिरवायचा. ती गेलेली असेल, तर काठही पांढऱ्यानंच मिटवायचा. कुणाच्या दारात बसून ‘बाई आहे का गेली’ असं तोंड उघडून विचारणं बरं दिसत नाही. म्हणून लाल का पांढरा, एवढंच विचारायचं. घरातल्या बाईला कळतं. पुरुषांना यातलं ओ का ठो ठाऊक नसतं आणि आम्हीही कधी सांगायला गेलो नाही.

अनसाबाईंना ही रीत ठाऊक नव्हती असं नाही. त्यांच्या सासूची गोधडी आम्हीच शिवली होती. तेव्हा ‘पांढरा’ म्हणताना त्यांनी पदर डोळ्याला लावला होता. या खेपेला त्यांचा हात शेंगांवरून हललाही नाही.

अक्का माझ्याशी एरवी दिवसभर कटकट करायची. टाका लांब पडला, दोरा फार ताणला, मान वर कर, पोक काढू नकोस. सासूला तोंड देणं परवडलं, पण थोरली जाऊ नको, असं मी माझ्या नवऱ्याला शंभरदा सांगितलं होतं. त्या दिवशी मात्र ती गप्प झाली. एकेक साडी हातात घेऊन तिनं काठापासून पदरापर्यंत बोटं फिरवली. जुनी साडी हाताला मऊ लागते, लोण्यात बोट घातल्यासारखी. या साड्यांची कांजीसुद्धा गेली नव्हती. दोन तर एकदाच धुतलेल्या.

‘ह्या चांगल्या हायत की काकी,’ अक्का म्हणाली. ‘पोरगी नेसंल अजून.’

‘तिला नकोत.’

‘माहेरी जाताना न्हेल्या न्हाईत त्या?’

‘तू गोधडी शिवाया आलीस का जबानी घ्याया?’ अनसाबाई हसल्या. हसताना त्या फार मायाळू दिसायच्या. ‘संपतला दुसरी करायचीया, बाई. हिला चार वरसांत मूल न्हाई. रविवारी पावणं बघाया यायचंत. घरात अंथरूण-पांघरूण दिसाया पायजे. त्याच्या आत सगळं उरकाया पायजे.’

‘सगळं’ म्हणताना त्यांनी शेंगांचं सूप झटकलं आणि उठून आत गेल्या.

शालन मला आवडायची. मागच्या खेपेला याच सोप्यात ती आमच्याजवळ येऊन बसायची. सासूची पाठ फिरली की आमच्या चहात जादा साखर घालायची आणि अक्काची नक्कल करायची. खुद्द अक्कासमोर. अक्का तिला ‘भवाने’ म्हणायची, आणि अक्का ज्याला शिवी देते त्याच्यावर तिचा जीव असतो. त्या हसऱ्या पोरीच्या साड्या पुढ्यात पसरलेल्या आणि काठाला पांढरा दोरा.

दुपारी अनसाबाईंनी जर्मनच्या ताटलीत भाकरीचा चतकोर घेतला, तांब्यात पाणी घेतलं आणि त्या मागच्या बाजूला विहिरीकडे निघाल्या. तिथं मोटारीची खोली होती, पत्र्याची.

‘कुत्र्याला टाकून येते,’ त्या म्हणाल्या. आम्ही विचारलंही नव्हतं.

कुत्रं आमच्या चटईला लागून पाय ताणून झोपलं होतं. अक्कानं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. थोड्या वेळानं विहिरीकडून कडी वाजल्याचा आवाज आला. अक्कानं दोरा दातानं तोडला आणि मान खाली घालूनच बोलली.

‘जित्ती हाय.’

‘मग पांढरा कसा म्हणाल्या?’

‘त्यांनी हिशेब लावून टाकलाय, मंजुळे. त्यांच्या लेखी ती गेली. आता जीव जायाची वाट बघायची, चतकोर भाकरीवर. रविवार हाय न्हवं.’

अक्का उठली आणि कळशी घेऊन विहिरीकडे चालू लागली. मी बघत होते. ती गोठ्यापर्यंत पोहोचली असेल नसेल, तोच संपत पुढं आला. अंगानं आडवा, बोलायला मऊ. विळ्याला धार लावत तो दिवसभर तिथंच बसलेला असायचा.

‘पाणी पायजे तर हाक मारायची, मावशी,’ तो म्हणाला. ‘इकडं यायचं न्हाई. साप निघालाय.’

अक्का रिकामी कळशी घेऊन परत आली. त्या मळ्यापासून दुसरी वस्ती हाकेच्या अंतरावर नव्हती. चहूबाजूंनी ऊस, अंगापेक्षा उंच. उठून चालायला लागावं तर काठ मिटले नाहीत म्हणून अनसाबाई विचारणार, आणि आम्ही गेल्यावर त्या खोलीकडे बघणारं कुणी उरणार नाही. आम्ही शिवत बसलो. अक्कानं काठ मिटवायला घेतला आणि पहिल्यांदाच तिचे टाके फार बारीक पडू लागले. गोधडीचा टाका कसा मोकळा असतो. हा काजाचा टाका होता.

‘एवढा बारीक कशाला?’ अनसाबाईंनी विचारलं.

‘कापड नवं हाय काकी. लांब टाक्याला दाद देत न्हाई.’ अक्का इतकं सरळ तोंड करून खोटं बोलली की मीच एकदा कापड चाचपून बघितलं.

दुसरा दिवस तालुक्याच्या बाजाराचा होता. सकाळी मी चूळ भरून आले तेव्हा अक्का राहिलेली दोऱ्याची रिळं गोधडीच्या थरांत सारत होती. एकेक रीळ आत ढकलायची आणि वरून हातानं सपाट करायची. मग तिनं रिकामी पिशवी उलटी करून झटकली.

‘काकी, दोरा सपला.’

अनसाबाई चुलीपुढून उठून आल्या. त्यांच्या कपाळावर पहिल्यांदा आठी दिसली. ‘सपला म्हंजी? काल एवढा हुता.’

‘बारीक टाक्याला लई लागतो.’

‘संपत आणंल बाजारातनं.’

‘त्यांना न्हाई कळायचा,’ अक्का म्हणाली. ‘दुकानदार हातावर टेकवंल ती नायलॉनची दोरी. नायलॉन लई बळकट, पर कापडाला कापत जातो. चार महिन्यांत नवी नवरी पांघरूण ओढंल, नि टाके शाबूत ऱ्हातील नि साडी टरकंल. काकी, दोरा कापडापरीस कमजोर असावा. तुटला तर पुन्हा घालता येतो. हातानं बघूनच घ्यावा लागतो. मंजी जाईल.’

नव्या नवरीचं नाव काढल्यावर अनसाबाई विचारात पडल्या. पुष्कळ वेळ त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, ‘जाऊ दे. पर संपतच्या फटफटीवर. नि सरळ दुकान, सरळ घर.’

निघताना अक्कानं माझ्या हाताला चिमटा काढला. एवढाच निरोप. काय करायचं ते तिनं सांगितलं नाही, कारण तिलाही ठाऊक नव्हतं. आणि ती त्या बाईबरोबर तिथं एकटी मागं राहिली होती.

उसातून फटफटी चालली होती. संपत मध्येच वेग कमी करून म्हणाला, ‘शिवताना तुमी बायका लई बोलता काय गं?’

‘आमच्या अक्कापुढं कोण बोलतंय,’ मी म्हणाले. ‘ती बोलती, मी ऐकती.’

‘काय बोलती?’

‘माझं टाकं वाकडं पडत्यात म्हणती.’

तो हसला नाही. त्यानं पुन्हा वेग वाढवला.

शेट्यांचं कापडाचं दुकान बाजारपेठेच्या तोंडाशीच होतं. दुकान बसाप्पा चालवायचा, पण गल्ल्याजवळ त्याची आई शिवक्का बसायची. कपाळावर विभूती, हातात सुपारीचा अडकित्ता. आजूबाजूच्या सगळ्या गावांतले बस्ते त्यांच्याकडेच बांधले जायचे, आणि कुठल्या पोरीच्या बस्त्याला कुठली साडी गेली ते शिवक्काला पाठ असायचं. शालनचा बस्ताही तिथलाच. तिचा बाप निवृत्ती दर बाजाराला त्यांच्याच दुकानासमोर भाजी घेऊन बसायचा, हे मला माहीत होतं. मी आत शिरताना त्याची जागा बघितली. टोपली होती, त्यावर ओलं पोतं होतं, माणूस नव्हता. संपतनंही बघितलं. तो माझ्या इतका जवळ येऊन उभा राहिला की त्याच्या सदऱ्याचा वास येत होता.

‘गोधडीचा दोरा पायजे, शिवक्का,’ मी म्हणाले.

बसाप्पानं जाड सुती दोरा पुढं केला. मी तो बोटाला गुंडाळला, पीळ उलगडून बघितला आणि परत ठेवला. ‘पीळ ढिला हाय.’ दुसरा घेतला. ‘ह्याला गाठी हायत.’ तिसरा ओला करून ओढला. उगाच वेळ काढत होते मी. निवृत्ती येईल, निदान कुणी तरी ओळखीची बाई येईल, असं वाटत होतं.

‘हा घ्या की,’ संपतनं नायलॉनचं चकचकीत रीळ उचललं. ‘बैल बांधला तरी तुटायचा न्हाई.’

‘बैलाला घ्या मग,’ शिवक्का म्हणाली. सुपारी कातरता कातरता तिनं माझ्याकडे निरखून बघितलं. ‘कुणाच्या साड्या गं, मंजुळे?’

संपतनं माझ्या पाठीशी पाय हलवला. ‘घरातल्याच.’

‘घरातल्याच,’ मी म्हणाले. ‘शालनच्या.’

‘निवृत्तीच्या शालनच्या? बरी हाय न्हवं पोर?’

‘माहेरी गेलीया,’ संपत म्हणाला.

‘हां. मग लाल देते काठाला.’ शिवक्कानं मागं वळून लाल रिळांच्या डब्यावर हात ठेवला.

आवाज नीट निघेल की नाही याची भीती वाटत होती. ‘लाल नको शिवक्का. काकी म्हणाल्या, पांढराच घाल.’

शिवक्काचा हात डब्यावर तसाच राहिला.

‘पांढरा?’

‘चारी काठ पांढरा.’

‘लाल काय नि पांढरा काय,’ संपत वैतागला. ‘द्या नि मोकळं करा. आई वाट बघती.’

मी शिवक्काच्या तोंडाकडे बघत होते. काहीच दिसलं नाही. तिनं लाल रिळांचा डबा सारून आत ठेवला, पांढरी रिळं कागदात बांधली आणि माझ्या हातात दिली. ‘पांढरा बसतो चांगला,’ म्हणाली आणि पुन्हा सुपारी कातरू लागली. वय झालेलं, कान कमी झालेले. तिला कळलंच नाही, असं वाटून मला तिथंच रडू फुटायचं बाकी होतं.

आम्ही मळ्यावर परत आलो. सोप्यात अक्का गोधडीपाशी रिकामी सुई धरून बसली होती. मला बघून तिनं भुवई उचलली. मी खांदे उडवले. काय सांगणार होते?

आम्ही शिवू लागलो. आता वेळ काढायला सबब उरली नव्हती. तीन काठ मिटत आले होते. अनसाबाई आमच्या समोरच येऊन बसल्या आणि सुईवर नजर ठेवू लागल्या. दुपारची जेवणं झाली. मी त्या ताटलीची वाट बघत होते. अनसाबाईंनी ताटली घासली, पुसली आणि फळीवर पालथी घातली.

‘कुत्र्याला न्हाई आज?’ अक्कानं विचारलं.

‘त्याला काय भूक न्हाई,’ अनसाबाई म्हणाल्या. ‘शिव तू.’

अक्कानं टाका घातला, तो वाकडा पडला. मी तिच्याबरोबर इतकी वर्षं शिवलं, पण तिचा टाका वाकडा पडलेला पहिल्यांदाच बघितला. टाका पडत होता, मी मोजत नव्हते, अनसाबाई मोजत असाव्यात. शेवटचा काठ अर्ध्यावर आला तेव्हा उसातून गाडीचा आवाज आला.

बसाप्पाचा टेंपो होता. त्याच्या शेजारी शिवक्का बसली होती आणि मागं हौद्यात उभा राहून निवृत्ती येत होता. टेंपो थांबायच्या आत त्यानं उडी मारली.

‘विहीनबाई, माझी पोर कुठं हाय?’

‘तुमच्याकडंच की,’ अनसाबाई म्हणाल्या.

‘संक्रांतीपासनं ती आमच्याकडं आली न्हाई.’

संपत विळा घेऊन खोलीच्या वाटेवर उभा राहिला. बसाप्पा पुढं झाला, त्याला शिवक्कानं मागं सारलं. ती काठी टेकत एकटीच चालत गेली आणि संपतच्या समोर उभी राहिली. ‘सर,’ म्हणाली. कुणा तरण्या गड्याला तो आडवा गेला असता. विभूती लावलेल्या म्हातारीच्या अंगाला हात लावायची त्याची टाप नव्हती. तो सरला.

कुलूप होतं. अनसाबाईंनी स्वतःच कमरेची किल्ली काढून दिली. ‘बघा,’ त्या म्हणाल्या. ‘अंगात वारं शिरतंय तिच्या. मारायला धावती. म्हणून ठिवलीया आत.’

अक्का आणि मी आत गेलो. शालन भिंतीला टेकून बसली होती. उजेड आला तसा तिनं हात डोळ्यांवर घेतला. मनगट इतकं वाळलेलं, की बांगडी कोपरापर्यंत वर सरकत होती. आम्ही दोघींनी तिला धरून बाहेर आणलं. तिच्या अंगात वारं-बिरं काही नव्हतं. होती ती नुसती भूक. तिनं बापाला बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. तो चेहरा मला अजून दिसतो.

निवृत्ती मोठ्यानं रडला. रडून झाल्यावर त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं आणि अनसाबाईंपुढं हात जोडले.

‘झालं गेलं सोडा, विहीनबाई. हिला पदरात घ्या. पुन्हा तक्रार येऊ देणार न्हाई ती. धाकटीची सोयरीक ठरतीया माझ्या. थोरली परत आली म्हटल्यावर कोण करंल तिला?’

‘अरे, माणूस हाईस का कोण?’ शिवक्का म्हणाली. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

अनसाबाईंनी थोडा विचार केला. ‘ऱ्हाऊ दे हिथं,’ त्या मोठ्या मनानं म्हणाल्या.

शालन बापाकडे बघत राहिली. मग आमचे हात सोडवून ती भिंत धरत धरत सोप्यात आली. गोधडीजवळ बसली. आपल्या साड्या तिनं ओळखल्या. मग काठावरून बोट फिरवत ती शेवटच्या टाक्यापर्यंत गेली, जिथं सुई अजून टोचलेली होती.

‘आत्तींनी सांगितला का हा दोरा?’

‘व्हय,’ अक्का म्हणाली.

शालननं मान हलवली. आवाज इतका बारीक होता की आम्हाला वाकून ऐकावं लागलं. ‘दादा, ह्यांच्या लेखी मी गेलीया. गेलेल्या माणसाला पदरात कोण घेतंय? हात नका जोडू.’

अक्कानं सुई काढली, उरलेला काठ तसाच सोडला आणि अख्खी गोधडी, आतल्या रिळांसकट, शालनच्या खांद्यावर टाकली.

‘गोधडी पुरी करून जा,’ अनसाबाई म्हणाल्या. अजूनही आवाज मऊच होता. ‘पावणं यायचंत.’

अक्कानं पिशवी काखेत मारली. काठ मिटायच्या आधी आम्ही उठलो, असं आमच्या जन्मात तेव्हाच झालं. बसाप्पा टेंपोत बसा म्हणत होता, तिथून सरळ पोलीस चौकीत जाऊ म्हणत होता. पण हौद्यात बाप चढलेला बघून शालन टेंपोत पाय ठेवेना. शिवक्का म्हणाली, चौकीत आम्ही जातो, पोरीला आधी काही खायला घाला. मग आम्ही तिघी उसाच्या वाटेनं चालू लागलो. दहा पावलं चालायची, बसायचं, पुन्हा उठायचं. अक्का तिला शिव्या देत होती. ‘चल गं भवाने, टाक पाय,’ आणि स्वतःचे डोळे पुसत होती.

डांबरी सडकेला लागलो तेव्हा मागून पळत येणाऱ्या पावलांचा आवाज आला. निवृत्ती होता. टेंपोतून उतरून पळत आला होता. त्याला धाप लागली होती, पायात एकच वहाण राहिली होती.

‘पोरी,’ तो म्हणाला, ‘घरी चल.’

‘कुठल्या घरी, दादा?’ शालननं विचारलं.

तिनं रागानं विचारलं नव्हतं. तिला खरंच ठाऊक नव्हतं, तो कुठल्या घराबद्दल बोलतोय. तेवढ्यात वळणावरून एसटी आली. अक्कानं सडकेच्या मधोमध उभं राहून ती थांबवली, शालनला वर चढवलं आणि खिडकीशी बसवलं. कंडक्टर पुढं आला, गोधडीत गुंडाळलेल्या त्या पोरीकडे बघत त्यानं विचारलं, ‘किती जण?’

‘तीन,’ अक्का म्हणाली.